चिपवरील नक्षी : प्रकाश, शिक्का आणि लेखणी

सांगोल्याच्या तहसील कार्यालयात कागदावर अक्षर तीन रीतींनी उमटते. लेखनिक ते हाताने लिहितो, शिपाई शिक्का मारतो, नाही तर झेरॉक्स यंत्र प्रकाशाच्या साहाय्याने प्रत काढून देते. संगणकाची चिप घडविणाऱ्या कारखान्यांपुढेही आज याच तीन रीती आहेत.

प्रचलित रीत प्रकाशाची. तिला लिथोग्राफी, म्हणजे शिळाछाप, म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी ज्या शिळाछापावर पंचांगे छापली, त्याच कलेचे हे नाव. मात्र येथे शिळेऐवजी सिलिकॉनची चकती असते आणि शाईचे काम प्रकाश करतो. रेषा बारीक हवी तर प्रकाशलहरही आखूड लागते. सर्वांत प्रगत यंत्रांत ती १३.५ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा प्रकाश हवा आणि काच दोन्ही शोषून घेतात. म्हणून सारे काम निर्वात जागेत, भिंगांऐवजी आरशांनी करावे लागते. असे यंत्र नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी विकते आणि त्याची किंमत हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. पर्यायांचा शोध चालू आहे तो यामुळेच.

शिक्क्याची रीत स्टीफन चाऊ यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत मांडली. चकतीवरील पातळ राळेत साचा दाबावयाचा, अतिनील किरणांनी राळ घट्ट करावयाची आणि साचा उचलावयाचा. जपानच्या कॅनन कंपनीने २०२३ मध्ये असे यंत्र बाजारात आणले. त्यास वीज कमी लागते. पण धुळीचा एक कण अडकला तरी चिप बिघडते आणि साचाही. शिवाय चिपमध्ये थरावर थर येतात व प्रत्येक शिक्का आधीच्या थरावर अचूक बसावा लागतो. खरी कसोटी तेथेच आहे.

इलेक्ट्रॉन-शलाकेची लेखणी साच्याविना थेट लिहिते. तिचे अक्षर सुंदर, पण गती लेखनिकाचीच! म्हणून ती मुख्यतः साचे बनविण्यास आणि संशोधनास वापरतात. मुंबईच्या आयआयटीत अशी सोय आहे.

सर्वच चिपना अतिसूक्ष्म रेषा लागत नाहीत. २०२१ च्या टंचाईत मोटारींचे उत्पादन रखडले ते बहुतांशी जुन्या, जाड रेषांच्या चिपअभावी. गुजरातेत धोलेरा येथे २०२४ मध्ये मंजूर झालेला कारखानाही २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्राचा आहे. सांगोल्यातील डाळिंबाच्या बागेत मोबाइलवरून पंप सुरू करणाऱ्या स्टार्टरला तेवढी चिप पुरते.