काळ्या कातळाखालची जुनी जमीन
भूमीची ओळख : लेखांक ७

गेल्या लेखात आपण सोलापूरचा काळा दगड पाहिला. भुईकोट किल्ल्याच्या तटात दिसणारा हा बेसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरून थिजलेला लाव्हा. आपल्याकडे विहीर खणताना माती, मुरूम आणि मग कातळ लागतो. त्या कातळाच्याही खाली काय आहे?

याचे उत्तर एका भीषण आपत्तीनंतर मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर बेसाल्टच निघाला. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक, आणि मग अडीचशे कोटी वर्षांहून जुना, स्फटिकांनी भरलेला पट्टेदार खडक. याला नाइस म्हणतात. हा रूपांतरित खडक आहे.

रूपांतर म्हणजे नेमके काय? जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. वीस किलोमीटर खोलीवर ते पाचशे-सहाशे अंशांपर्यंत जाते आणि दाब हवेच्या दाबाच्या पाच हजार पटींहून अधिक होतो. तिथे खडक सहसा वितळत नाही, घनच राहतो. पण त्यातले अणू हलू लागतात. जुनी खनिजे मोडतात, त्याच घटकांतून नवी घडतात. चिखलाच्या खडकाची आधी पाटी बनते, आणखी खोलवर तिच्यात अभ्रकाचे चमकते पापुद्रे आणि गार्नेटचे लालसर दाणे येतात. दाब एका दिशेने जास्त असेल, तर चपटी खनिजे त्याला आडवी रांगेत बसतात. नाइसमध्ये फिकट आणि गडद खनिजे वेगळी होऊन पट्टे पडतात.

कोणते खनिज घडेल, हे उष्णता आणि दाब ठरवतात. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट ही खनिजे सापडतात. दोन्हींत ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन अगदी सारख्याच प्रमाणात असतात. दाबाचा जोर जास्त असेल तिथे कायनाइट घडते, उष्णतेचा जोर जास्त असेल तिथे सिलिमनाइट. म्हणून अशी खनिजे ओळखली, की खडक किती खोल आणि किती तापलेल्या जागी होता याचा अंदाज बांधता येतो.

मग वर आल्यावर तो पूर्ववत का होत नाही? वीटभट्टीत भाजलेली वीट पुन्हा चिखल होत नाही, तसेच हे आहे. तापताना खनिजांतले पाणी निघून जाते आणि थंड झाल्यावर अणूंची हालचाल जवळजवळ थांबते. त्यामुळे खोलवरची नोंद खडकात कायम राहते.

किल्लारीच्या तळखडकातली खनिजे भूकवचाच्या मधल्या भागातली, म्हणजे कित्येक किलोमीटर खोलीची आहेत. आज तोच खडक साडेतीनशे मीटरांवर लागतो. याचा अर्थ, लाव्हा पसरण्याआधीच त्याच्यावरचे कित्येक किलोमीटर जाडीचे खडक झिजून वाहून गेले होते.

सोलापूरहून रायचूरकडे रेल्वेने जाताना हा क्रम पाहता येतो. आधी बेसाल्ट, मग शहाबादचा चुनखडक, पुढे यादगीरकडे जुन्या ग्रॅनाइट-नाइसच्या टेकड्या. घराघरांतली शहाबादी फरशी गाळाचीच राहिली, कारण तो चुनखडक फार खोल गाडला गेला नाही. पुरेसा तापला असता, तर त्याचा संगमरवर झाला असता.

या तळखडकाशी आपल्या सुरक्षिततेचाही संबंध आहे. किल्लारीचा भूकंप बेसाल्टमध्ये नव्हे, त्याखालच्या या जुन्या खडकात उद्भवला होता. तो खडक कुठे भेगाळलेला आहे, त्यात पाणी किती मुरते, ताण किती साठतो, हे जाणल्याशिवाय आपल्या भागातील भूकंपांचा उलगडा होणार नाही. त्यासाठी खोल छिद्रे घेऊन प्रत्यक्ष नमुने तपासावे लागतात. कोयना परिसरात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र याच हेतूने घेण्यात आले. त्याची माहिती पुढील लेखात.