आवाज तुटतो तो उंबरठ्याच्या आत

परगावी वा परदेशी असलेल्या मुलांशी लॅपटॉपवरून बोलणे हा आता अनेक मराठी घरांचा सायंकाळचा परिपाठ आहे. भारतात इंटरनेट दूरध्वनीस १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली आणि ट्रंक कॉलचा मिनिटामिनिटाचा हिशेब सुटला. तरी आईच्या कानी मुलाचे निम्मे शब्दच पडावेत, हे दुःख उरलेच. दोष सातासमुद्रापलीकडील तारांना दिला जातो. आमच्या मते तो बहुधा लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या चार हातांत असतो.

आवाजाचे साधारणतः २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते सेकंदाला पन्नास या वेगाने धाडले जातात. पत्र उशिरा आले तरी वाचता येते. उशिरा आलेला आवाजाचा तुकडा मात्र फेकूनच द्यावा लागतो.

लिनक्स वापरणाऱ्यांनी प्रथम एक गोष्ट तपासावी. बॅटरी वाचविण्यासाठी वायफायचे यंत्र क्षणोक्षणी डुलकी घेते. उबुंटूमध्ये नेटवर्क-मॅनेजरच्या 'डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' या फाइलीत ३ हा आकडा असतो. तो २ करून संगणक पुन्हा सुरू केला की डुलकी थांबते. बॅटरी थोडी लवकर उतरेल, एवढेच. आधी राउटरलाच 'पिंग' करून पाहावे. उत्तरे दोन-पाच मिलिसेकंदांत येता येता मधूनच शे-दोनशेवर उडी घेत असतील, तर दुखणे घरातलेच समजावे.

दुसरे कारण आपल्या घरांच्या बांधणीत आहे. पेडणे-डिचोलीकडील जुन्या घरांच्या जाड चिरेबंदी भिंती उन्हाळ्यात सुख देतात, पण लहरी अडवितात. ५ गिगाहर्ट्झची लहर स्वच्छ खरी, पण ती भिंतीपुढे लवकर हरते, २.४ ची पलीकडे पोहोचते, मात्र तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांची गर्दी. म्हणून राउटर कपाटामागे न दडविता बोलण्याच्या खोलीतच ठेवावा. ते न जमल्यास तिथवर केबल ओढावी. पणजीच्या सदनिकांत भिंती पातळ, पण शेजार दाट. तिथे ५ गिगाहर्ट्झच बरी.

डिचोलीहून चोडणमार्गे पणजीस येणाऱ्यांना रायबंदरची फेरीबोट ठाऊकच आहे. पुढे ट्रकांची रांग लागली की एकटा सायकलस्वारही खोळंबतो. घरात कोणी छायाचित्रे वर चढवीत असता आवाजाची हीच गत होते. यावर तोड म्हणून प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवणारी 'एफक्यू-कोडेल' ही पद्धत २०१२ साली लिनक्सच्या गाभ्यात आली. परंतु रांग बहुतेकदा राउटरात लागते, तेव्हा ती सोय तिथे हवी. नसल्यास बोलणे संपेपर्यंत छायाचित्रे थांबवावीत.

आणि ब्लूटूथचे कर्णयंत्र! त्याचा मायक्रोफोन चालू होताच आवाज अरुंद वाटेने जाऊ लागतो व बोलणारा विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. साधे तारेचे घ्यावे; ते स्वस्तही असते.