मायनर विषय म्हणून मानवशास्त्र

बारावीचा निकाल लागला, की प्रवेशाच्या चर्चेत सारे लक्ष मुख्य विषयाकडे जाते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मात्र ‘मेजर’ विषयाच्या जोडीला ‘मायनर’ विषयही निवडावा लागतो. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयातील आराखड्यात मायनरसाठी १८ ते २० क्रेडिट ठेवण्यात आले. एका क्रेडिटला १५ तासांचे अध्यापन धरले, तर हा अभ्यास ३०० तासांच्या आसपास जातो. एवढा वेळ केवळ ‘सोपे गुण’ या हिशेबाने खर्च करणे शहाणपणाचे नाही. इगतपुरी तालुक्यातील विद्यार्थ्याने या जागी मानवशास्त्राचा विचार अवश्य करावा. कारण या विषयाची प्रयोगशाळा त्याच्या घराभोवतीच आहे.

विषयाचे स्वरूप

मानवशास्त्राच्या चार प्रमुख शाखा मानल्या जातात. जैविक शाखेत मानवाची उत्क्रांती, आनुवंशिकता व शरीररचना यांचा, तर सामाजिक-सांस्कृतिक शाखेत नातेसंबंध, विवाह, श्रद्धा व अर्थव्यवहार यांचा अभ्यास होतो. पुरातत्त्व आणि भाषिक मानवशास्त्र या उरलेल्या दोन शाखा. समाजशास्त्राशी या विषयाचे जवळचे नाते असले, तरी लोकांमध्ये दीर्घकाळ राहून, पाहून आणि विचारून केलेले क्षेत्रकार्य हा मानवशास्त्राचा कणा आहे.

पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन करणाऱ्या डॉ. इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांच्या कार्यातून या विषयाचा आवाका ध्यानात येतो. त्यांनी शरीरमापनाच्या साहाय्याने संशोधन केले, भारतातील नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, ‘युगान्त’मध्ये महाभारतातील व्यक्तींचा नव्याने विचार मांडला. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणीही त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली.

तालुक्यातील प्रश्न

दारणा, मुकणे, भावली, ऊर्ध्व वैतरणा अशी अनेक धरणे असलेल्या इगतपुरीत विस्थापनाचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. जमीन गेलेल्या कुटुंबाचा पैसा कुठे जातो, नात्यातील देवाणघेवाण कशी बदलते, हे मानवशास्त्राचे प्रश्न आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यातील अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे २५.६ टक्के होते. इगतपुरी तालुक्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी आदी जमातींची वस्ती आहे. सह्याद्रीतील ठाकरांवर ल. ना. चापेकर यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६० मध्येच प्रसिद्ध झाला होता.

या तरुणांच्या दृष्टीने हा विषय आणखी एका अर्थाने जिव्हाळ्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, महादेव कोळी असल्याच्या दाव्यासंबंधीच्या एका प्रकरणात, जात पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. देवदेवता, विधी, विवाहपद्धती, अंत्यसंस्कार अशा मानवशास्त्रीय वैशिष्ट्यांची चौकशी तिच्यात अंतर्भूत होती. अर्जदार जमातीच्या चालीरीतींशी किती जुळतो, हे पाहणारी ही ‘आप्तभाव चाचणी’ पुढे अनेकांच्या शिक्षणाची व नोकरीची वाट ठरवू लागली. ठाकर जमातीच्या संघटनेने दाखल केलेल्या प्रकरणात न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले, की ही चाचणी एकमेव निर्णायक कसोटी मानता येणार नाही. स्थलांतर, शिक्षण व इतर समाजांशी संपर्क यांमुळे चालीरीती बदलतात, हे त्यामागचे एक कारण होते. संस्कृती गोठलेली नसते, हा मानवशास्त्राच्या पहिल्या वर्गातला धडा. ज्यांना आजवर केवळ प्रश्न विचारले गेले, त्यांनी ते प्रश्न कसे तयार होतात हे शिकणे म्हणूनच मोलाचे आहे.

कोणत्या मेजरसोबत?

इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, मराठी यांच्याशी या विषयाचा सांधा सहज जुळतो. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला जैविक शाखा, तर समाजकार्याकडे वळणाऱ्याला क्षेत्रकार्य उपयोगी पडते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय असून त्याच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. मायनरने त्या तयारीचा पाया घातला जातो. मात्र तेवढ्याने तयारी पूर्ण होते, असा समज करून घेऊ नये. केवळ मायनरच्या बळावर नोकरी मिळेल, ही अपेक्षाही रास्त नाही.

निवडीपूर्वी काय पाहावे?

महाविद्यालयाच्या विषययादीत मानवशास्त्र आहे का आणि ते शिकविणारा त्या विषयाचा अध्यापक आहे का, हे प्रथम पाहावे. क्षेत्रकार्याला किती क्रेडिट आहेत, शरीरमापनाची साधने उपलब्ध आहेत का, अभ्याससाहित्य मराठीत मिळेल का, हेही विचारून घ्यावे. क्षेत्रकार्याविना शिकविलेले मानवशास्त्र म्हणजे पाण्यात न उतरता शिकलेले पोहणे. विषय उपलब्ध नसल्यास समाजशास्त्र मायनर घेऊन ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावरील अभ्यासक्रमाची जोड देता येईल. ते क्रेडिट पदवीत धरले जातील का, याची खातरजमा मात्र आधी करावी. पदव्युत्तर शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तेथील प्रवेशाच्या अटी आताच वाचून ठेवलेल्या बऱ्या.

आपल्याच पाड्यावर वही घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याने संमतीशिवाय कुणाचे नाव वा खासगी गोष्ट लिहू नये, हा या अभ्यासाचा पहिला नियम आहे. तो पाळण्याची आणि कान देऊन ऐकण्याची तयारी असेल, तर हा विषय जरूर निवडावा.