बाजारातली शेगडी आणि आपला माल

आठवडी बाजारात किंवा उरुसात कापडाचे पाल टाकणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना पाच किलोचा सिलिंडर आणि त्यावर बसणारी शेगडी म्हणजे मोठी सोय. पण शेजारी कापडाचे गठ्ठे असतात, हे विसरून चालत नाही.

गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर न जाता गठ्ठ्यांच्या बुडाशी साचतो. म्हणून शेगडी पालाबाहेर, सपाट जागी ठेवावी. वाऱ्याला आडोसा एकाच बाजूने करावा. चारी बाजूंनी झाकल्यास सिलिंडर तापतो. सिलिंडर आडवा करू नये, पातळ गॅस बर्नरमध्ये येऊन जाळ भडकतो.

जोडताना रबरी वायसर पाहावा. जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आल्यास पेटवू नये. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे संकटाला दावत. ज्योत पिवळी होऊन भांडे काळे पडू लागले, की गार झालेला बर्नर साफ करावा.

सिलिंडरवर तपासणीची मुदत असते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाही. ‘सी २८’ म्हणजे सप्टेंबर २०२८ अखेर. मुदत संपलेला सिलिंडर घेऊ नये.

व्यापारी बंधूंनो, साबणाच्या पाण्याला खर्च तो किती? माल जळाला तर हंगाम गेला.