जोडणी झाली, ओळख पटेना

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम भागात आमच्या आत्याबाई राहतात. मानसगंगोत्री तेथून जवळच. राजकन्या जयलक्ष्मीअम्मणी यांच्यासाठी १९०५ साली बांधलेला वाडा तेथे आहे. गेल्या खेपेस आम्ही गेलो, तो आत्याबाई चिंतेत. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची सत्तावीस ध्वनिमुद्रणे त्यांच्या जुन्या टॅब्लेटमध्ये होती. अन्यत्र कोठेही नव्हती. आजी आता नाही. टॅब्लेटचा पडदा मधूनच अंधारू लागला होता, आणि संगणकाला जोडला तरी संगणक त्याची दखल घेईना. एका दुरुस्तीवाल्याने सर्व पुसून नव्याने सुरुवात करण्याचा सल्ला दिला होता. तो ऐकून आत्याबाईंनी टॅब्लेट कपाटात ठेवून दिला, हे फार बरे केले.

“पण तो चार्ज तर होतो! मग तार बिघडली कशी म्हणायची?” असा त्यांचा प्रश्न. बहुतेकांची फसगत येथेच होते. साध्या यूएसबी तारेच्या पोटात चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन निरोप नेतात. काही स्वस्त तारांत निरोपाची जोडी घातलेलीच नसते. आत्याबाईंची तार हातपंख्याबरोबर आलेली निघाली! शेजारच्या वहिनींकडून दुसरी आणली आणि संगणकाने प्रथमच ‘टण्’ असा आवाज केला.

त्या आवाजामागे मोठा शिष्टाचार आहे. उपकरण निरोपाच्या एका तारेवरील दाब सुमारे ३.३ व्होल्टपर्यंत चढविते. ही जणू दारावरची थाप. संगणक त्यास १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देतो, निर्माता कोण व वस्तू कोणती हे विचारून घेतो, आणि मग तिच्याशी बोलू शकणारा ‘ड्रायव्हर’ शोधतो. ही पद्धत सात कंपन्यांनी मिळून ठरविली आणि जानेवारी १९९६ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. इंटेलमधील तिचे एक प्रमुख शिल्पकार अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. यूएसबीचे टोक नेहमी उलटेच का बसू पाहते, म्हणून आपण त्रागा करतो. पण दोन्ही बाजूंनी बसणारे टोक तेव्हा महाग पडले असते.

ओळख पटली, तरी ध्वनिमुद्रणे दिसेनात. पूर्वीची उपकरणे आपल्या कोठीची किल्लीच संगणकाच्या हाती देत. एका कोठीत दोन कारभारी शिरले, की हिशेबाचा घोळ व्हायचाच. म्हणून २०११ च्या तिसऱ्या अँड्रॉइडपासून टॅब्लेट स्वतःच कोठीच्या दाराशी बसतो व मागेल ती वस्तू काढून देतो. या व्यवहारास ‘एमटीपी’ म्हणतात. मॅक संगणकांना तो मुळातून येत नाही. त्यांस वेगळा प्रोग्रॅम लागतो. शिवाय २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून टॅब्लेट जोडताच केवळ चार्ज होत राहतो, मालकाच्या संमतीवाचून काही देत नाही. तेव्हा कुलूप उघडून, वरची सूचनापट्टी खाली ओढून, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते.

पडदा नेमका तेव्हाच अंधारला. दोन मिनिटे थांबलो. तो उजळताच आत्याबाईंनी स्वतःच्या बोटाने ते अक्षर दाबले आणि संगणकावर सत्तावीसही नावे उमटली. प्रथम संगणकावर, नंतर पेनड्राइव्हवर अशा दोन प्रती केल्या.

मग सतरावे ध्वनिमुद्रण लावले. ओवी मध्येच थांबली, जात्याची घरघर चालूच होती, आणि आजीचा आवाज आला, “पीठ जाड येतंय गं, वैरण कमी घाल.”