विश्लेषण : ब्रिटनमधील ‘हेल्थ अँड सोशल केअर’ पदवी घेऊन नर्स होता येते का?

बारावीला विज्ञान शाखा नसली तरी चालते, ‘नीट’ द्यावी लागत नाही आणि नावातच ‘हेल्थ’ आहे. ब्रिटनमधील ‘बी.एस्सी. (ऑनर्स) हेल्थ अँड सोशल केअर’ ही पदवी अनेकांना आकर्षक वाटते ती या तीन कारणांमुळे. आपल्याकडे एचएससी म्हणजे बारावी. तिकडे याच पदवीला थोडक्यात एचएससी म्हणतात. तेव्हा एचएससी करून पुन्हा एचएससी करायला जाण्याचा हा प्रकार. मात्र पदवीच्या नावावरून तिने काय होता येते आणि काय होता येत नाही, हे कळत नाही. त्यात २०२५ मध्ये ब्रिटनने व्हिसाचे नियम बदलल्यामुळे या पदवीभोवतीचे गणितही बदलले आहे.

हा अभ्यासक्रम नेमका कशाचा?

एक उदाहरण घेऊ. ८२ वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या एक आजी घरात पडतात, खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, ती यशस्वी ठरते. डॉक्टर सांगतात, आता घरी जायला हरकत नाही. पण घर पहिल्या मजल्यावर, न्हाणीघरात धरायला दांडी नाही, सकाळी उठवून कपडे घालायला कोणी नाही. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या बऱ्या झालेल्या आजी आणखी कितीतरी दिवस रुग्णालयातील खाट अडवून राहतात आणि बाहेर रुग्णवाहिकेतला रुग्ण खाटेची वाट पाहतो. उपचार कुठे संपतात आणि सांभाळणे कुठे सुरू होते, त्या सांध्यावर काय करायचे, हा या पदवीचा विषय आहे.

हा सांधा ब्रिटनच्या कायद्यातच आहे. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा म्हणजे एनएचएस सुरू झाली आणि उपचार सर्वांना मोफत झाले. त्याच दिवशी ‘नॅशनल असिस्टन्स अॅक्ट’ अमलात आला. वृद्ध व अपंग व्यक्तींच्या सांभाळाची जबाबदारी त्याने स्थानिक प्रशासनावर टाकली. हा सांभाळ मात्र मोफत नव्हता. आजही इंग्लंडमध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेला पैसे लागत नाहीत. पण आजींकडे २३,२५० पौंडांपेक्षा अधिक मालमत्ता असेल, तर घरी येणाऱ्या मदतनीसाचा किंवा केअर होमचा खर्च सर्वसाधारणपणे त्यांनाच करावा लागतो. साहजिकच रुग्णालय आणि स्थानिक प्रशासन यांच्यात ‘हा खर्च कोणाचा’ हा वाद कायमचा.

मराठी विद्यार्थ्याला यातली एक गोष्ट पटकन पचत नाही. आई-वडिलांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी तिथे सज्ञान मुलांवर नाही. १९४८ च्या याच कायद्याने ती काढून टाकली. भारतात २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम नेमके उलटे सांगतो आणि मुलांकडून निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क आई-वडिलांना देतो.

तीन वर्षांत काय शिकवतात?

ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची, वर्षाला १२० क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास. त्यातले वर्गातले तास कमी. वाचन आणि लेखन जास्त. पहिल्या वर्षी आरोग्याचे समाजशास्त्र, मानसशास्त्र, संवादकौशल्य असे विषय असतात. पुढे कायदा, धोरण, संशोधनपद्धती, आणि शेवटच्या वर्षी बहुतेक ठिकाणी प्रबंध. शरीरशास्त्र असते, पण नर्सिंगइतके खोल नाही. इंजेक्शन देणे, सलाइन लावणे यांचा या अभ्यासक्रमाशी संबंध नाही.

अभ्यासाचा मोठा भाग चुकांच्या चौकशा वाचण्यात जातो. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आठ वर्षांची मुलगी घरच्यांच्या छळाने मरण पावली. रुग्णालये, पोलीस, समाजसेवा विभाग या सगळ्यांशी तिचा संबंध आला होता. तरी कोणीही तिला वाचवू शकले नाही. लॉर्ड लॅमिंग यांचा २००३ चा चौकशी अहवाल आणि त्यापाठोपाठ आलेला २००४ चा बालकायदा विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो. मिड स्टॅफर्डशायरमधील रुग्णालयात झालेल्या हेळसांडीवरचा २०१३ चा फ्रान्सिस अहवालही तसाच. एकेका खात्याने आपापले काम केले असे कागदावर दिसत असतानाही माणूस मधल्या फटीतून कसा पडतो, हे त्यातून शिकायचे असते.

पण मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याला सर्वाधिक अडखळायला लावतो तो २००५ चा ‘मेंटल कपॅसिटी अॅक्ट’. या कायद्याची पाच तत्त्वे आहेत. सज्ञान व्यक्तीला निर्णयक्षमता आहे असे गृहीत धरायचे. नाही असे वाटत असेल तर ते सिद्ध करायचे. निर्णय घेता यावा म्हणून तिला शक्य ती सगळी मदत करायची. तिचा निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून तिला निर्णयक्षमता नाही असे म्हणायचे नाही. क्षमता खरोखरच नसेल तर तिच्या हिताचाच विचार करायचा आणि तिच्या स्वातंत्र्याला कमीत कमी बाधा येईल तोच मार्ग निवडायचा. आता वरच्या आजी म्हणतात, ‘मी केअर होममध्ये जाणार नाही, पुन्हा पडले तरी चालेल.’ आपल्याकडे अशा वेळी मुलगा, सून, डॉक्टर बसून ठरवतात आणि आजींना नंतर सांगितले जाते. यात प्रेमच असते. पण परीक्षेतील उत्तरात ‘कुटुंबीयांशी चर्चा करून निर्णय घ्यावा’ एवढेच लिहिले, तर पहिला प्रश्न येणार : आजींना विचारले का? धोका पत्करण्याचा हक्क माणसाला असतो, हे पाठ करायला सोपे आणि आजींच्या खाटेशेजारी बसून मान्य करायला अवघड.

दुसरी अडचण लेखनाची. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत ‘मी’ला जागा नसते. इथे स्वतःच्या वागण्यावरच निबंध लिहावा लागतो. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले चक्र त्यासाठी वापरतात : काय घडले, काय वाटले, काय चुकले, पुढच्या वेळी काय करू. पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरवला तर ती वाङ्मयचोरी ठरते आणि त्याची शिक्षा गंभीर असते. प्रत्यक्ष कामाचा अनुभव काही विद्यापीठांत सक्तीचा, तर काहींत ऐच्छिक आहे. मुले, वृद्ध यांच्यासोबत काम करण्यापूर्वी गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते.

मग नर्स किंवा सोशल वर्कर होता येते का?

थेट उत्तर ‘नाही’ असे आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत नर्स होण्यासाठी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने मान्य केलेला अभ्यासक्रमच लागतो. तो ४,६०० तासांचा असतो आणि त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष कामाचे. ‘सोशल वर्कर’ ही तर इंग्लंडमध्ये २००५ पासून कायद्याने संरक्षित उपाधी आहे. ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेने मान्य केलेली पदवी आणि तिथली नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी वेगळी परिषद आहे. ‘हेल्थ अँड सोशल केअर’ ही सर्वसाधारण पदवी यांपैकी कोणत्याही नोंदणीला पात्र करत नाही.

याचा अर्थ ती खोटी पदवी आहे असा नव्हे. मुक्त विद्यापीठाचा आदर्श समजल्या जाणाऱ्या ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतही ती शिकवली जाते. तिथला स्थानिक पदवीधर केअर होमचे व्यवस्थापन, रुग्णांच्या सेवांचा समन्वय, स्वयंसेवी संस्था, स्थानिक प्रशासन अशा ठिकाणी काम करतो. किंवा आणखी दोन वर्षांचा मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम करून सोशल वर्कर किंवा नर्स होतो. परदेशी विद्यार्थ्यासाठी ही पुढची दोन वर्षे म्हणजे परदेशी दराने आणखी दोन वर्षांची फी. पहिल्या तीन वर्षांचा हिशेब मांडताना ही रक्कम बहुतेक वेळा कागदावर नसते.

खर्च किती आणि काम करून किती सुटतो?

फी विद्यापीठानुसार बदलते. वर्षाला १५ हजार पौंड फी आणि पौंडाचा दर ११५ रुपये धरला, तर तीन वर्षांच्या फीचेच ५० लाखांवर होतात. शिवाय व्हिसासोबत आरोग्य अधिभार आहे, विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड. तो आधीच एकरकमी भरावा लागतो.

‘तिथे काम करून खर्च निघतो’ हे वाक्य तपासून घ्यायला हवे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. दुसरे म्हणजे, बारावी होऊन गेलेला मुलगा किंवा मुलगी १८ ते २० वयोगटात असते आणि या गटाचे किमान वेतन मोठ्यांपेक्षा कमी आहे : एप्रिल २०२६ पासून तासाला १०.८५ पौंड. म्हणजे आठवड्याला २१७ पौंड, महिन्याला ९५० पौंडांच्या आतच. लंडनबाहेर राहण्या-जेवण्यासाठी महिन्याला ११७१ पौंड हाताशी आहेत, हे व्हिसा देताना ब्रिटन सरकारच दाखवायला लावते. थोडक्यात, कामातून राहण्याचाही पूर्ण खर्च निघत नाही. फीचा प्रश्नच नाही.

केअर वर्करच्या व्हिसाचे काय झाले?

या पदवीची ओढ वाढण्यामागे हा व्हिसा होता. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने केअर वर्करांना ‘हेल्थ अँड केअर’ व्हिसाच्या यादीत घेतले. मार्च २०२४ पासून त्यांना कुटुंब नेण्यास मनाई झाली. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्कर भरती करणेच बंद झाले. आधीपासून ब्रिटनमध्ये असलेल्यांना काही अटींवर या व्हिसावर जाण्याची मुभा आहे, पण तीही २२ जुलै २०२८ पर्यंत. सप्टेंबर २०२६ मध्ये पदवीला प्रवेश घेणारा विद्यार्थी उत्तीर्ण होईल २०२९ च्या उन्हाळ्यात. तोवर हे दार बंद झालेले असेल.

शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. त्यापुढे राहायचे तर प्रायोजक कंपनी हवी. ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी वर्षाला ४१,७०० पौंड पगाराची सर्वसाधारण अट आहे. आरोग्यसेवेतील नर्स, सोशल वर्कर अशा नोंदणीकृत पदांना त्यात सवलत आहे. पण तीच नोंदणी ही पदवी देत नाही.

महाराष्ट्रातून कोणते मार्ग आहेत?

नर्स होऊन ब्रिटनला जायचे असेल, तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी अधिक उपयोगाची ठरते. ती घेतलेल्या नर्सला इंग्रजीची परीक्षा, भारतातच देता येणारी संगणकीय परीक्षा आणि ब्रिटनमध्ये जाऊन द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा या मार्गाने तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी करता येते. परदेशी नर्सची भरती तिथे अलीकडे मंदावली आहे, त्यामुळे नोकरीची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण हा मार्ग निदान नोंदणीपर्यंत पोहोचतो.

ब्रिटनमधील कोणत्याही अभ्यासक्रमाबाबत खातरजमा करणे कठीण नाही. या नियामक संस्थांच्या संकेतस्थळांवर मान्य अभ्यासक्रमांची यादी विद्यापीठाच्या नावासह असते. माहितीपत्रकातील ‘आरोग्य क्षेत्रात करिअर’ ही ओळ वाचण्यापेक्षा या यादीत नाव शोधणे उपयोगाचे. नाव नसेल तर ती पदवी नोंदणीसाठी नाही.

रुग्ण आणि घर यांच्या मधले काम करण्याचीच आवड असेल, तर ते काम महाराष्ट्रातही जुने आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय सोशल वर्करची नेमणूक झाली होती. शासकीय रुग्णालयांत हे पद ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणून ओळखले जाते. शस्त्रक्रियेसाठी ट्रस्टकडून मदत मिळवण्याचा अर्ज भरून देणारी, बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधणारी, दारू सोडवायला आलेल्या माणसाच्या बायकोशी बोलणारी व्यक्ती म्हणजे हीच. त्यासाठी बीएसडब्ल्यू आणि त्यानंतर वैद्यकीय व मनोविकार विषयांत एमएसडब्ल्यू असा रस्ता आहे. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था यांची नावे त्यात जुनी. ब्रिटनची पदवी घेऊन परतलेल्यालाही समकक्षता प्रमाणपत्र मिळवून एमएसडब्ल्यूची दोन वर्षे इथेच करावी लागतील.