खोट्या नावाचे टपाल

कॅडेट मित्रांनो, फाटकावरचा पहारेकरी आलेल्या माणसाला बाहेरच थांबवतो, ओळखपत्र पाहतो आणि मगच आत सोडतो. मेल सर्व्हरचे कामही तसेच असते. भिलाईतल्या सुपेला भागात एका छोट्या कार्यालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. तिथे स्पॅम, म्हणजे नको असलेले मेल, रोज येतात.

ई-मेल पोचवण्याचे एसएमटीपी नावाचे नियम १९८२ साली ठरले. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, हे तपासण्याची सोय त्यांत नव्हती. पाकिटामागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच हे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने असाच इशारा दिला होता : मुंबई, दिल्लीसह पाच शहरांतल्या लोकांना मोफत कोविड चाचणीचे आमिष दाखवणारे मेल सरकारी वाटणाऱ्या पत्त्यावरून येऊ शकतात.

म्हणून स्पॅमवर ज्याचे नाव दिसते, तो बहुधा निर्दोष असतो. आपल्या सर्व्हरने '२५०' हे उत्तर दिले की मेल स्वीकारला जातो आणि जबाबदारी आपली होते. नंतर तो 'पोचला नाही' म्हणून परत पाठवला, तर तो जातो नाव चोरीला गेलेल्या माणसाकडे. समजा, चोरांनी हजारो मेलवर एकाच शिक्षिकेचा पत्ता घातला. परतीच्या मेलनी तिची पेटी भरून जाईल आणि एखाद्या विद्यार्थ्याचे खरे पत्र त्यात हरवेल. हा त्रास देणारे आपणच ठरू.

यासाठी नकार फाटकावरच द्यावा. मेल स्वीकारण्याआधीच '५५०' म्हणावे. पाठवणारा खरा असेल, तर त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो. मेल गुपचूप फेकून देऊ नये. चुकून खरे पत्र अडले, तर कोणालाच कळत नाही.

ओळखपत्रे तीन. आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ते एसपीएफ सांगते. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. दोन्ही नापास झाल्यास काय करावे, ते डीमार्क सांगते. डीमार्क आधी फक्त अहवाल मागवण्यापुरते ठेवावे. आपले सर्व खरे मेल पास होतात, हे पाहूनच नकाराचा नियम लावावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची आहेत.

शोध घेताना आपल्या सर्व्हरने स्वतः केलेली नोंदच प्रमाण मानावी. मेल आणून देणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता तिथे सापडतो. अडवायचे ते यंत्र, दिसणारे नाव नव्हे.

पालकांनो, तिन्ही ओळखपत्रे असलेला मेलही फसवा असू शकतो, कारण चोर स्वतःचे डोमेन विकत घेऊ शकतो. फी मागणारा मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर शाळेला विचारा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.